भातकापणीतली दिवाळी आणि पाहुण्यांचं फराळाचं ताट



आपल्या मावळात दिवाळी आणि भातकापणी एकाच वेळी दारात उभ्या राहतात. खाचरात भात पिवळा झालेला असतो, परतीच्या पावसाची धास्ती असते आणि घरात भाजणी भाजायची राहिलेली असते. दिवसभर विळा चालवायचा आणि रात्री कढईपुढे बसायचं, असं किती जणी वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यात भाऊबीजेला येणारे पाहुणे, मुंबई-पुण्याहून सुट्टीला येणारी भावंडं. आणि आता पवना धरणाच्या काठाला, कार्ला-मळवलीला, लोणावळ्याच्या आजूबाजूच्या गावांत ज्या बहिणींनी घरातल्या एक-दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे, त्यांच्याकडे तर दिवाळीपासून नाताळापर्यंत येणं-जाणं चालूच असतं.

म्हणून आज आम्ही तुमच्याशी फराळाच्या ताटाबद्दल बोलणार आहोत. ताटात काय असावं, किती असावं, कोणता पदार्थ कधी करावा, तो टिकवावा कसा आणि विकायचा असेल तर त्याचा हिशोब कसा धरावा, हे सगळं आपण क्रमाने पाहू.

ताटात काय असावं?

शहरातल्या हॉटेलांत हल्ली लाकडी पाटावर चीज, फळं, सुकामेवा, बिस्किटं मांडून पाहुण्यांपुढे ठेवतात. थोडं थोडं, नाना तऱ्हेचं, सगळ्यांनी मिळून खायचं. मैत्रिणींनो, आपलं फराळाचं ताट दुसरं काय आहे? फक्त आपण ते भरताना एक गोष्ट विसरतो. पदार्थांची संख्या वाढवण्यापेक्षा चवी वेगवेगळ्या हव्यात. बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, करंजी, शंकरपाळी, चिरोटे असे पाच गोड पदार्थ एका ताटात ठेवले, तर पाहुणा दोन खाऊन थांबतो. उरलेलं परत डब्यात जातं, नाहीतर मऊ पडून वाया जातं.

आम्ही सहा गोष्टींचा हिशोब धरतो. एक कुरकुरीत आणि तिखट: चकली किंवा कडबोळी. एक चमच्याने खायचा: चिवडा. एक तोंडात विरघळणारा गोड: लाडू. एक खुसखुशीत गोड: शंकरपाळी किंवा करंजी. एक ताजं: पेरूच्या फोडी, सीताफळ, काकडी, जे त्या दिवशी मिळेल ते. आणि एक पातळ: ताक, कोकम सरबत किंवा गरम चहा. तळलेलं खाऊन तोंड कोरडं होतं, म्हणून ताजं आणि पातळ ही दोन नावं ताटातून गाळू नका. खर्च कमी आणि ताटाला जिवंतपणा येतो तो यांच्यामुळेच.

सातवी जागा आपल्या गावाची. पाहुणा लांबून आलाय, त्याला चकली पुण्यातही मिळते. मावळातलं काय? एक म्हणजे आपला इंद्रायणी तांदूळ. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून झालेलं हे वाण आपल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलं. नव्या इंद्रायणीची वाटीभर गरम खीर ताटाशेजारी ठेवा, तिचा वास पाहुण्याला आधी गाठतो. ज्यांना दात नाहीत त्या आजी-आजोबांना तर चकलीपेक्षा खीरच बरी. दुसरी म्हणजे चिक्की. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, लोणावळ्याला गाड्या थांबू लागल्या आणि साध्या गूळदाणीची पुढे चिक्की होऊन ती गावाची ओळख झाली. ती दुकानातूनच आणली पाहिजे असं नाही.

घरच्या चिक्कीचं प्रमाण सोपं आहे. भाजून, सालं काढून, दोन तुकडे केलेले शेंगदाणे जेवढ्या वजनाचे, तेवढाच चिक्कीचा गूळ. चमचाभर तुपात गूळ मंद आचेवर वितळवायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. थेंब बोटाने ओढला तर लांबत असेल तर पाक कच्चा आहे, आणि कट्कन मोडला तर झाला. लगेच दाणे घालून तूप लावलेल्या पाटावर लाटायचं आणि गरम असतानाच सुरीने काप पाडायचे. हा पाक हातावर उडाला तर चिकटून खोल भाजतो, तेव्हा लहान मुलांना त्या वेळी चुलीजवळ येऊ देऊ नका.

किती करावं?

दर वर्षी डबे भरभरून करायचं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत खवट चिवडा घरच्यांनी संपवायचा, यात कुणाचं भलं नाही. माणशी अंदाज असा धरा: चिवडा ३० ग्रॅम, म्हणजे लहान वाटीभर. चकल्या दोन. लिंबाएवढा लाडू एक. शंकरपाळी मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम. वीस पाहुण्यांसाठी याचा हिशोब चिवडा ६०० ग्रॅम, चकल्या ४०, लाडू २० आणि शंकरपाळी अर्धा किलो इतका होतो. घरच्यांसाठी वेगळं धरा. लाडू लहान वळा. मोठा लाडू पाहुणा अर्धा टाकतो, लहान लाडू संपवून दुसरा मागतो.

प्रमाणं आणि त्यातली कारणं

चकलीची भाजणी: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २ वाट्या, उडीद डाळ १ वाटी, पोहे अर्धी वाटी, सोबत धणे आणि जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत कोरड्या करा, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, मग दळा. एका वाटी पिठाला एक मोठा चमचा कडकडीत मोहन आणि साधारण पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर दगडासारखी होते. आच मोठी ठेवली तर वरून लाल आणि आतून कच्ची राहते. अशीच चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते, कारण आतलं पाणी बाहेर गेलेलंच नसतं. तेलातले बुडबुडे शांत झाले की चकली काढायची, ही खूण लक्षात ठेवा.

चिवडा: पातळ पोहे अर्धा किलो, शेंगदाणे १०० ग्रॅम, डाळं ७५ ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप ५० ग्रॅम. पोहे उन्हात ठेवून नंतर मंद आचेवर परता. कढीपत्ता आणि हिरवी मिरची फोडणीत पूर्ण कुरकुरीत होऊ द्या. चिवडा मऊ पडण्याचं खापर आपण पोह्यांवर फोडतो, पण बहुतेक वेळा ओला राहिलेला कढीपत्ता आणि मिरचीच त्याला पाणी सोडते. पिठीसाखर चिवडा गार झाल्यावर घाला.

बेसन लाडू: बेसन ४ वाट्या, तूप सव्वा ते दीड वाटी, पिठीसाखर २ ते अडीच वाट्या. बेसन मंद आचेवर खमंग भाजा आणि कोमट झाल्यावरच साखर घाला. गरम बेसनात साखर घातली की ती वितळते आणि लाडू बसतो, गोल राहत नाही.

शंकरपाळी: दूध, तूप, साखर प्रत्येकी एक वाटी, गरम करून साखर विरघळवायची आणि गार झाल्यावर त्यात मावेल तेवढा मैदा. थोडी कणीक मिसळली तरी चालते. तळण मंद आचेवर.

अनारसे करणार असाल तर तांदूळ तीन दिवस भिजत ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, मग कापडावर पसरून ओलसर असतानाच कुटायचा किंवा दळायचा. त्यासाठी जुना तांदूळ घ्या, नवी चिकट इंद्रायणी नको. ती खिरीला राखून ठेवा.

कोणत्या दिवशी काय?

कापणी आणि फराळ एकाच आठवड्यात आले, तर सगळं वसुबारसेपर्यंत तुंबवून ठेवू नका. जे जास्त टिकतं ते आधी, जे नाजूक आहे ते शेवटी. कापणीच्या आधी, ऊन असेल तेव्हा भाजणी दळून आणा आणि अनारशाचं पीठ करून ठेवा. दिवाळीआधी आठ-दहा दिवस शंकरपाळी आणि शेव. पाच-सहा दिवस आधी चकली आणि चिवडा. तीन-चार दिवस आधी बेसन लाडू. करंजीत सुकं खोबरं घातलं तर ती साधारण दहा दिवस राहते, ओला नारळ घातला तर दोन-तीन दिवसांत संपवायला हवी. ओल्या नारळाच्या रवा लाडवांचंही तसंच. म्हणून ओल्या नारळाचं सगळं आदल्या दिवशी.

आणि दोन-तीन घरांनी मिळून केलं तर? एका घरी चकली, दुसऱ्या घरी लाडू, तिसऱ्या घरी चिवडा. एकच कढई, एकच सोऱ्या, एकदाच तेल तापवायचं आणि नंतर वाटून घ्यायचं. भातलावणीला आपण एकमेकींच्या शेतावर जातो, तीच रीत कढईपुढे आणायची. गटात दर महिन्याला शंभर रुपये फराळासाठी बाजूला टाकले, तर वर्षाला प्रत्येकीचे बाराशे होतात. डाळी, तेल, साखर घाऊक घेता येतं आणि सणासाठी उसनवारी करावी लागत नाही.

टिकवायचं कसं?

लोणावळ्याचा पाऊस आपल्याला माहीत आहे. दिवाळीतही हवेत ओल असते, सकाळी धुकं असतं. तळलेला पदार्थ हवेतली ओल ओढून घेतो आणि मऊ पडतो. गूळ-साखरही पाणी ओढते, म्हणून उघडी चिक्की चिकट होते. तेव्हा पदार्थ पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरला तर वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि तेच खाली टपकतं. प्रत्येक पदार्थाचा डबा वेगळा ठेवा. रोजच्या वापरासाठी लहान डबा काढा, म्हणजे मोठा डबा सारखा उघडला जाणार नाही. ओला हात किंवा ओला चमचा डब्यात नको. मऊ पडलेला चिवडा कोरड्या कढईत मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत होतो. पण खवट वास आलेला चिवडा परतून सुधारत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो.

खवटपणा येतो तो तेलाला हवा, ऊन आणि उष्णता लागून. सुकं खोबरं आणि शेंगदाणे घेताना चार दाणे चावून पाहा, खोबऱ्याचा वास घ्या. एक खवट वाटी सगळा चिवडा बिघडवते. आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. तेल काळपट झालं, फेस धरू लागलं, लवकर धुरायला लागलं, की त्याचं आयुष्य संपलं. वारंवार तापवलेल्या तेलात शरीराला घातक द्रव्यं तयार होतात, म्हणून अन्न सुरक्षेच्या नियमांतही २०१८ पासून तळणीच्या तेलाला मर्यादा घातली आहे.

ताट मांडताना

मोठी परात किंवा पितळी ताट घ्या, त्यावर केळीचं पान पसरा. ओली फळं आणि खीर वेगळ्या वाट्यांत किंवा पळसाच्या द्रोणांत, म्हणजे पाणी सुटून चकली भिजणार नाही. चिवड्यात चमचा ठेवा. थोडं थोडं मांडा आणि संपेल तसं भरा. सकाळी मांडलेलं ताट संध्याकाळपर्यंत उघडं ठेवलं तर माश्या आणि ओल दोन्ही बसतात. प्लॅस्टिकच्या पातळ ताटल्या-चमचे नकोत, १ जुलै २०२२ पासून त्यांवर देशभर बंदीच आहे.

आता पाहुण्यांचा विचार. ओळखीचे असोत की परके, वाढण्याआधी एक प्रश्न विचारा: तुम्हाला काही वर्ज्य आहे का? शेंगदाणा काही जणांना इतका बाधतो की अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. त्यांच्या ताटात चिक्की नको आणि शेंगदाणे घातलेला चिवडाही नको. चमचेसुद्धा वेगळे हवेत. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, डाळं, चिक्कीचे कडक तुकडे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना मऊ लाडवाचा तुकडा द्या.

मधुमेह असलेल्यांना आपण प्रेमाने म्हणतो, गुळाचं आहे, घ्या, काही होत नाही. मैत्रिणींनो, होतं. गुळानेही रक्तातली साखर वाढते. त्यांच्यासमोर पेरूच्या फोडी, मूठभर भाजलेले दाणे, ताक ठेवा आणि आग्रह करू नका. आग्रहात माया असते हे खरं, पण त्रास त्यांना होतो.

नाताळच्या सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांत मार्गशीर्षातले गुरुवार करणाऱ्याही असतात. त्या दिवशी साबुदाण्याचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि फळं एवढ्यावर ताट भरतं. फक्त उपासाची कढई आणि तेल वेगळं ठेवा आणि तसं पाहुणीला सांगा. तिला निर्धास्त खाता येतं.

विकायचं असेल तर

आपल्यातल्या अनेक गटांनी फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आहे. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत उमेद अभियानाचं महालक्ष्मी सरस भरतं. तिथे जायचं असो की वाटेवर टेबल मांडायचं असो, दोन गोष्टी आधी करा.

पहिली, अन्न सुरक्षेची नोंदणी. घरून करणाऱ्या लहान व्यावसायिकांनाही ती लागते. पाकिटावर पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलं आहे, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, नोंदणी क्रमांक, तुमचा पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह असावं. वर्तमानपत्रात चकली बांधून देऊ नका, छपाईची शाई तेलात उतरते.

दुसरी गोष्ट हिशोबाची, आणि तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. समजा, ५ किलो चकली केली. सामान ९०० रुपये, गॅस १२०, डबे आणि लेबलं १००. झाले ११२० रुपये. इथे आपण थांबतो आणि म्हणतो, किलोला २२४ रुपये पडले, ३०० ला विकू, ७६ सुटले. पण तीन बाया चार तास राबल्या, त्याचं काय? ते बारा तास झाले. तासाला ६० रुपये धरले तरी ७२० रुपये. म्हणजे खरा खर्च १८४० रुपये, किलोला ३६८. ३०० रुपयांनी विकली तर पाच किलोचे १५०० येतात. सामान, गॅस, डबे वजा जाता हातात ३८० उरतात, म्हणजे तासाला जेमतेम ३२ रुपये. तेवढ्याच वेळात दुसऱ्याच्या शेतावर गेलो असतो तर किती मिळाले असते, ते प्रत्येकीने आपल्या गावच्या मजुरीशी ताडून पाहावं. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण कष्टाची ओळ वहीतून गाळू नका. ती ओळ गाळली की फायदा दिसतो आणि बाई मात्र फुकट राबते.

गिऱ्हाईक म्हणतं, दुकानात स्वस्त मिळते. तेव्हा वाद घालू नका. ताजं तेल, घरची भाजणी, केल्याची तारीख दाखवा आणि एक चकली चाखायला द्या. जो चवीसाठी घेतो तो पुन्हा येतो. पहिल्या वर्षी दोनच पदार्थ निवडा आणि ते दर वेळी सारखेच उतरतील असे करा. वजनकाटा घ्या. वाटीच्या अंदाजाने घर चालतं, धंदा चालत नाही.

करणारीचं ताट

शेवटी एकच. सोऱ्या दाबायला जोर लागतो, तो घरातल्या मुलग्याला द्या. बेसन ढवळायला हात दुखतो, तिथे नवऱ्याला बसवा. डबे पुसणं, पोहे उन्हात घालणं हे शाळेच्या सुट्टीतली पोरं करू शकतात, मुली आणि मुलगे दोन्ही. एखाद्या वर्षी पाऊस लांबला, कापणी अडली, तर चार पदार्थांऐवजी दोनच करा, एखादा गटाकडून विकत घ्या. त्यात कमीपणा काही नाही. भात भिजला तर वर्षाचं नुकसान होतं. करंजी राहिली तर कुणाचं काही अडत नाही.

आणि पाहुण्यांची ताटं मांडताना एक ताट आधीच भरून झाकून ठेवा. ते करणारीचं. नाहीतर सगळ्यांचं झाल्यावर तिच्या वाट्याला तुटक्या चकल्या आणि लाडवाचा चुरा येतो. पाहुणे बसले की तिनेही त्यांच्याबरोबर बसावं, गरम चहा घ्यावा. वाढायला दुसऱ्यांनी उठावं.

या आठवड्यात गटाच्या बैठकीत एवढं ठरवा: कुणाकडे मोठी कढई आहे, कुणाचा सोऱ्या चांगला आहे, कुणाचं भात कधी कापायचं आहे. त्यावरून फराळाचे दिवस वाटून घ्या. दिवाळी सुखाची जावो, भात कोरडा घरात येवो. नमस्कार.